झरीच्या पुलापुढं दत्ता गायब

कॉलेजच्या जुन्या पोरांची शर्यत भरवायची, ही अक्कल माझीच. म्हणून त्या दिवशी घामही माझाच निघाला. सगळे पळून परत आले, पण आपला दत्ता काही येईना. झरीच्या पुलापर्यंत त्याला सगळ्यांनी पाहिलेलं, पुढं कुणीच न्हाई. फोन त्याच्या बायकोकडं. ती बिचारी सारखी विचारायली, "भाऊजी, बीपीची गोळी घेतली असंल ना हो त्यांनी?"

मी तशीच मोटारसायकल काढली, मागं अॅम्ब्युलन्स घेतली. पुलाजवळ आलो तर तुरीतून हाक आली, "ए सुभ्या, इकडं!"

दत्ता तुरीत उकिडवा बसलेला.

"पडलास का रे?"

"न्हाई रे. पुढं रस्त्यावर सासरे उभे हायत. ह्या अर्ध्या चड्डीवर त्यांच्यासमोरून कसा पळू?"

"अन् तासभर इथंच बसलास?"

"ते हलायलेच न्हाईत!"

त्याला लय शिव्या घातल्या अन् सासऱ्यांना घरी पाठवायला पुढं गेलो. बघतो तर म्हातारा टॉवेल-टोपी हातात घेऊन सकाळपासून उभा. म्हणाला, "जावई गावातून जायलेत, आहेर केल्याबिगर कसं जाऊ देऊ?"

मग काय, तोच टॉवेल कमरेला गुंडाळून दत्तानं शर्यत पुरी केली.