वत्सलाकाकूंच्या घरात लागलेली लग्नं

मंडळी, बसून घ्या. लहान मुलांना पुढे येऊ द्या. मला भाषण येत नाही. सकाळपासून मनात जुळवत होते, काकूंचा हार घातलेला फोटो पाहिला आणि सगळं विसरले. पण बोलायला हवं. वत्सलाकाकूंच्या घरी टीव्ही पाहिला नाही असं जुनं माणूस सुरतेत बमरोलीच्या या गल्लीत सापडणार नाही.

लाकडी शटरचा तो टीव्ही. खाली व्हीसीआर. काका कापडाच्या लूमवर कामाला असायचे, व्हीसीआर काकूंच्या ताब्यात. पडद्यावर पट्ट्या आल्या की काकू झाकण उघडून स्पिरिटचा बोळा फिरवायच्या आणि आम्हाला दटावायच्या, कुणी हात लावायचा नाही. आमची काय छाती होती?

पोरांनो, तुम्हाला मोबाइलवर सगळं दिसतं. आम्हाला गावाकडचं लग्न कॅसेटवर दिसायचं. लूमचा शेठ रजा देत नसे. मग मागाहून कॅसेट यायची आणि काकूंच्या घरात लग्न पुन्हा लागायचं. काकू अक्षता वाटायच्या. मंगलाष्टकं सुरू झाली की आम्ही उभे राहून टीव्हीवर अक्षता टाकायचो. हसू नका. एकदा तांदूळ व्हीसीआरमध्ये गेले आणि नवरदेव हार हातात घेऊन तिथेच अडकला. काकू आठवडाभर आमच्याशी बोलल्या नव्हत्या.

माझ्या धाकट्या भावाचं लग्नही मी तिथेच पाहिलं. माझा मुलगा तापाने फणफणला होता, गावी जाता आलं नाही. कॅसेटमध्ये माझी आई मांडवाच्या दारात उभी. कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नाही. कुणाला तरी विचारते, "मनी सुनंदा उनी का?" पोरांनो, तुम्हाला अहिराणी कळत नाही म्हणून सांगते. माझी सुनंदा आली का, असं विचारत होती.

पुढच्या वर्षी आई गेली. तेव्हा तरी पोहोचले का मी? नाही पोहोचले. मग मी काकूंकडे जाऊन बसायची. काकू काही न विचारता तीच कॅसेट लावायच्या. आई दारात यायची, तेच विचारायची. मी तोंडात पदर धरून रडायची. एक दिवस काकू उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "उनी वं माय. आठेच शे." आली गं बाई, इथेच आहे.

त्यानंतर आईने विचारलं की काकू उत्तर द्यायच्या. दर वेळी द्यायच्या. भाजी निवडत असल्या तरी मान वर करून द्यायच्या.

पुढे कॅसेटला बुरशी लागली, व्हीसीआरचे पार्ट मिळेनात. काकूंना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, राहू द्या काकू, आईला कळलंय आता.

चला, आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. तेवढ्यात मी मनातल्या मनात काकूंशी बोलणार आहे. काकू, तुम्ही माझ्या आईला कधी भेटला नाहीत, पण चेहऱ्याने ओळखता. तिकडे दिसली तर थांबवा तिला. तुझी सुनंदा सुरतेत एकटी नव्हती, म्हणावं.