बाई चेंडूवर आली की गड्यानं लांब थांबायचं

मंडळी, मन इकडं आणा. बाहेर काढलेल्या चपला कुणी नेत नाही, मागं वळून बघू नका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एखाद्याला मान दिला, असं आपण म्हणतो. तो मान त्याला पोचला की आपल्यापाशीच राहिला, हे कळायचं कसं? कुणाला विचारायचं?

सोपं वाटतं? मग ऐका!

गडहिंग्लजच्या बाजूचं एक गाव. नाव सांगत नाही — तुमच्यातलाच कुणी तिथला जावई निघायचा! त्या भागात फुटबॉलचं वेड. पोरगं चालायला लागलं की आधी लाथ मारतं, मग आई म्हणतं. नाक मुरडू नका, आपला गोकुळातला देवसुद्धा चेंडूच खेळत होता की!

त्या गावात शिवलिंगप्पा नावाचे थोर गृहस्थ. तालमीचे प्रमुख. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. जत्रेतल्या फुटबॉलचे नियम आप्पांनी सांगायचे आणि गावानं पाळायचे, अशी रीत. आता झालं काय, तरणी पोरं कामाधंद्याला पुण्याकडं गेली. गल्लीगल्लीचे संघ पुरे होईनात. तेव्हा आप्पांची सून पुढं आली. नीलव्वा तिचं नाव. माहेरी शाळेच्या संघातून खेळलेली. म्हणाली, "मामंजी, आम्ही बाया खेळतो की. गडी आणि बाया मिळून संघ करूया."

गाव हसलं. आप्पा हसले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस! म्हणाले, "होऊ दे." पण रात्रभर त्यांना घोर. बाईमाणसाला धक्का लागला तर? लेकीसुनांची अब्रू ती! म्हणून त्यांनी नियम केला — बाई चेंडूवर आली की गड्यानं हातभर लांब थांबायचं. अंगाला अंग लावायचं नाही, आडवं जायचं नाही. लाउडस्पीकरवरून सांगितलं, टाळ्या पडल्या. आप्पांची छाती भरून आली. बाईचा केवढा मान राखला!

राखला ना? तुम्हीही मान हलवताय. थांबा जरा.

नीलव्वाचा नवरा महांतेश, वरल्या गल्लीचा कप्तान. डोकं भारी चालायचं त्याचं. त्यानं ओळखलं, बायकोच्या जवळ गडी येऊच शकत नाही! मग काय? आपल्या गोलपुढं नीलव्वाला नेऊन उभी केली. "हितनं हलू नको." झाली भिंत तयार! समोरचा गडी चेंडू घेऊन यायचा, नीलव्वा चेंडूवर येताना दिसली की थबकायचा. तेवढ्यात महांतेश मागून येऊन चेंडू घेऊन पळायचा. लोक पोट धरून हसायचे. दोन दिवसांत सगळ्या संघांनी तेच केलं. बाया भिंतीसारख्या उभ्या, आणि खेळतात कोण? गडी!

नीलव्वा म्हणायची, "अवो, मला पुढं खेळू द्या की." महांतेश म्हणायचा, "जिंकतोय न्हवं आपण?"

आणि मग ती उपान्त्य मॅच आली. समोरच्या पोराला जवळ जाता येईना. चिडला. लांबूनच सगळी ताकद लावून त्यानं चेंडू हाणला — तो सरळ नीलव्वाच्या तोंडावर! ओठ फाटला. पदरानं रक्त टिपायला सगळ्या बाया धावल्या.

मंडळी, सांगा, नियम कुणी मोडला? पोरानं? तो तर हातभर सोडून पार लांब थांबला होता! महांतेशनं? नाही. प्रत्येकानं नियम पाळला, आणि रक्त सांडलं!

दिवेलागणीला पारावर बैठक बसली. लोक म्हणाले, "आम्ही म्हणत होतोच. बायांचं काम न्हवं हे. आप्पा, उद्याच्या फायनलपास्नं बाया बंद करा." आप्पांनी मान खाली घातली. त्यांनाही पटलं. उद्या पुन्हा काही झालं तर तोंड कुणाला दाखवायचं? ते उठले, घरी आले. सुनेला सांगायचंच ठरवून आले.

नीलव्वा चुलीपाशी बसली होती. ओठ सुजलेला, त्यावर हळद लावलेली. आप्पा दारातच थांबले.

"नीलव्वा, उद्यापास्नं खेळायचं न्हाई. बायांचा खेळ बंद करायचं ठरतंय."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मामंजी, संक्रांतीला भाकरी करताना माझा हात भाजला हुता. म्हणून भाकरी करायचं बंद केलं काय कुणी?"

आप्पा उंबरा ओलांडून आत आले.

"लागल्याचं मला काय न्हाई. खेळताना लागतंय. पण मामंजी, मी खेळत न्हवते. मला उभी केली हुती."

"अगं, तुझ्यासाठीच केला गं मी तो नियम!"

"व्हय मामंजी. पण मला इचारून केला असता तर?"

माउली! ज्या माणसाला विचारून सगळं गाव पाऊल टाकायचं, त्यानं घरातल्या सुनेला एकदाही विचारलं नव्हतं. आप्पा खाली बसले. डोळे भरले. म्हणाले, "आता इचारतो, पोरी. कसा नियम पायजे?"

"सगळ्यास्नी एकच. दुसरं काय नको."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी लाउडस्पीकर हातात घेतला. "जुना नियम गेला. ढकलायचं न्हाई, पायात पाय घालायचा न्हाई — कुणीच कुणाच्या. बाई आणि गडी, दोघांस्नी त्योच नियम. आज काय वाईट झालं तर मला बोला. मग पुन्हा या मैदानावर बाई उतरणार न्हाई, आणि नियम सांगायला मीबी येणार न्हाई."

एका मॅचवर गावातल्या सगळ्या बायांचा खेळ पणाला लावला म्हाताऱ्यानं! सोपं आहे का?

फायनल सुरू झाली. नीलव्वा भिंत सोडून पुढं आली. समोर खालच्या गल्लीचा बसगोंडा, दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा गडी! नीलव्वा चेंडू घेऊन आली आणि हा सवयीनं मागं सरला. नीलव्वा ओरडली, "सरकू नको की रे! खेळ!"

मग खेळ रंगला, मंडळी! दोन्हीकडं एकेक गोल. शेवट जवळ आला. नीलव्वाला चेंडू मिळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. समोर गोल! आणि बसगोंडा धावत आला. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

बसगोंडानं तिला बोटही लावलं नाही. नेमका चेंडू काढला आणि पुढं मारला. त्यांच्या संघातल्या पोरीनं तो थेट वरल्या गल्लीच्या गोलात घातला! नीलव्वा तोल जाऊन धुळीत पडली. शिट्टी झाली. वरली गल्ली हरली.

सगळ्यांनी आप्पांकडं बघितलं. नीलव्वा उठली. गुडघा खरचटला होता. बसगोंडाकडं बघून म्हणाली, "चेंडू झकास काढलास." आणि तशीच धावत आली, सुजलेल्या ओठानं हसत — "मामंजी, हरलो की वो आम्ही!"

आयुष्यभर कप जिंकत आलेला तो माणूस पोरासारखा रडला. म्हणाला, "हरलीस खरी. पण आज खेळलीस गं पोरी!"

मंडळी, आता इकडं माझ्याकडं बघा. खाली बघू नका. तुम्ही घरी सुनेला लक्ष्मी म्हणता, लेकीला देवी म्हणता. तिला त्रास नको म्हणून व्यवहार तुम्ही बघता, तिचं शिक्षण, तिचं लग्न तुम्ही ठरवता. सगळं तिच्या भल्यासाठी! खरं सांगा, तिला खेळायला घेतलंय, की उभी केलीय?

मला सांगू नका. घरी जा, तिच्यासमोर बसा आणि विचारा, "तुला काय पाहिजे?" ती पहिल्यांदा म्हणेल, काही नाही. उठू नका. बसून राहा. मग ती बोलेल, तेव्हा तिचं संपेपर्यंत मधे शब्द बोलू नका. तेवढं जमलं तर आजची ही सेवा देवापर्यंत पोचली म्हणायची.

टाळकरी, आता वाजवा!