शेवटच्या सरीची हाक

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, पण बहुधा हे असंच झालं. बायको गेल्यावर तिनं गायलेली भुलाबाईची गाणी मी लॅपटॉपवरून घरच्या नेटवर्कवरच्या डिस्कवर पाठवत होतो. पडद्यावर शंभर टक्के दिसलं. मी लॅपटॉपवरची गाणी पुसायला लागलो, तोच आमची अमडापूरची सून ओरडली, “मामाजी, थांबा! काऊन पुसून राह्यले?”

“अगं, सगळं गेलं ना!”

“इथून गेलं. तिथं पोचलं म्हणून डिस्कनं सांगतलं का? माहे बाबा त वावरात पिकाले पाणी देताना शेवटच्या सरीतून ‘आलं पाणी’ अशी हाक आल्याबिगर मोटार बंदच करत नाही.”

“आता तू मला ओलीत शिकवणार?”

“हाव! तुमच्या पीएचडीत नव्हतं न ते!”

आम्ही हसतोय तोच लाईट गेली नि डिस्क बंद पडली. आल्यावर पाहिलं, तर डिस्कवर शेवटचं गाणं अर्धंच होतं. लॅपटॉपवर मात्र पूर्ण.

तिचं बोलणं मी नीट ऐकलं होतं का, ही शंका उरलीच. काही वर्षांनी या यंत्रांचे नियम शोधून वाचले. ‘कायमचं लिहून झालं’ असं डिस्क कळवत नाही, तोवर पाठवणाऱ्यानं आपली प्रत सोडायची नाही, असंच तिथं आहे.