भिंतीपलीकडचा वर्ग

आई : म्हणजे खरंच? ऑनलाइन वर्गात तासभर माझा आवाजच जात नव्हता?

मुलगा : दाराची बेल वाजली तेव्हा तू माइक बंद केलास. मग सुरूच केला नाहीस.

आई : अरे देवा! नऊशे मुलं, आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही?

मुलगा : सांगणार कसं? आमचे माइक तूच बंद ठेवतेस. चॅटही बंद.

आई : मग काय करू? चॅट उघडं ठेवलं की माझ्या नाकावर शेरे मारत बसतात.

मुलगा : तेच म्हणतोय.

आई : त्यांचं सोड. तू माझ्याच वर्गात, आणि बसतोस या भिंतीपलीकडे. जरा टकटक केली असतीस तर हात झिजला असता?

मुलगा : माझं लक्ष नव्हतं गं.

आई : थापा मारू नकोस. आमच्या विभागातल्या बाईंनी आत्ताच मला फोटो पाठवलाय. मी अशी आ वासलेली, आणि खाली लिहिलंय, 'मासा पाण्याबाहेर आला!' वर्गभर फिरतोय म्हणे. कुणी काढला?

मुलगा : ...

आई : बोल की! आता तुझा माइक कुणी बंद केलाय?

मुलगा : मी काढला.

आई : शाबास! पोटचा पोरगा ना तू!

मुलगा : त्यांना कुठं माहितीये तू माझी आई आहेस ते? आई, वर्ष संपत आलं. मी एकाचाही चेहरा पाहिलेला नाही. नुसते काळे चौकोन. ग्रुपवर मी काही लिहिलं तर कुणी हूं की चूं करत नाही. आज फोटो टाकला आणि सगळे धडाधड हसले. एकानं विचारलं, तू राहतोस कुठं रे? उद्या भेटायला बोलावलंय चार-पाच जणांनी.

आई : माझ्या जिवावर दोस्ती. वा रे वा!

मुलगा : चुकलं गं माझं. आज काय शिकवलंस ते सांग, मी सगळ्यांना कळवतो.

आई : शिकवलं कुठं? आज पुस्तक मिटूनच ठेवलं होतं. म्हटलं, एवढ्या गर्दीत कुणी एकटं पडलं असेल तर मला फोन करा, अभ्यासाचं नसलं तरी चालेल. नंबरही दिला. आणि दुपारपासून फोन मांडीवर घेऊन बसलेय, वेड्यासारखी.

(मुलगा मोबाइल हातात घेतो.)

मुलगा : तो फोटो काढून टाकतो.

आई : राहू दे. उद्या जा भेटायला. मी तुझी कोण, ते मात्र सांगू नकोस.