कॅम्परमधले बोंबील

लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या. शाळा आठवीतच सुटली, मोठे शब्द मला येत नाहीत. पण माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून सांगतो.

रेवदंड्याला घरासमोर मी जुन्या टेम्पोचा कॅम्पर बनवला. मुंबईच्या उन्हातही एसीशिवाय आत झोपता यावं म्हणून छतावर दुसरं छत, मध्ये फट, दोन्ही बाजूंना मोठ्या जाळीच्या खिडक्या. पनवेलहून पहिलं गिऱ्हाईक बघायला येणार होतं. नवा शर्ट घालून मी दार उघडलं, तर आत दोऱ्यांवर बोंबीलच बोंबील!

माझी काकी शेजारीच राहते. तिला हाक मारली. “काकी, हे काय?”

“तूच बोल्लास ना, आत वारा खेळतो, माशी शिरत न्हाय?”

“अगं, माणसांसाठी बनवलाय तो!”

“मग हायत कुठं माणसं?”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. लाजेने मी दोऱ्या बाजूला सारू लागलो. साहेबांनी डोकं आत घातलं. “एसी नाही, मग दमट नाही होणार?”

मी तोंड उघडायच्या आत काकीने एक बोंबील काढून त्यांच्यासमोर कडकन मोडला. “वल असती तर असा मोडला असता व्हय?”

साहेबांना पटलं. त्यांनी पिशवीभर बोंबील घेतले आणि निघून गेले. माझ्या कॅम्परबद्दल एक शब्द नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारातून मोठं कुलूप आणून दाराला लावलं. मग चावी काकीला नेऊन दिली, कारण आत तिचा जवळा सुकत होता.