टोपलीतल्या बाहुलीचे डोळे

सन्माननीय अध्यक्ष निहेई-सान, मंचावर अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती इवाबुची तोकुजी-सान, त्यांच्या पत्नी सुए-सान, पलीकडच्या खोऱ्यातून वितळता बर्फ तुडवत आलेले कारागीर आणि माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

आज सकाळी तोकुजी-सानांनी आपला कुंचला धुतला आणि लेकीच्या, मिसाओच्या हातात दिला. ही बातमी ऐकीव नाही. सुए-सानांनी स्वतः मला सांगितली, आणि सांगताना त्या सारख्या नाक पुसत होत्या. सर्दी झाली आहे, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या या गरम झऱ्यांच्या गावी प्रवासी येतात, डुंबतात आणि जाताना एखादी लाकडी कोकेशी बाहुली घेऊन जातात. तिला ना हात ना पाय, मान फिरवली की कुई करते. काय आवडतं लोकांना तिच्यात? माझ्या पाहुणघरात उतरलेल्या एका गृहस्थांना विचारलं, तर म्हणाले, "घरी माझं कोणी ऐकत नाही. ही ऐकते."

तर, कुंचल्याबद्दल सांगत होते. गेल्या वर्षी तोकुजी-सानांचा हात थरथरू लागला. लाकूड कातता येई, पण डोळ्याची बारीक रेघ ओढता येईना. मिसाओ त्यांच्याशेजारी बसूनच शिकलेली. पण आपली रीत तुम्ही जाणता. शिष्याने गुरूचाच चेहरा काढायचा, आणि गुरूने स्वतः उचलून फळीवर ठेवल्याशिवाय ती बाहुली विकायची नाही. मिसाओची एकही फळीवर गेली नव्हती.

"डोळे खाली झुकलेत. हा माझा चेहरा नाही."

"तुमचाच काढते हो, बाबा! हात आपोआप तिकडे जातो."

"मग हाताला सांग, घराणं माझं आहे."

आणि बाहुली चुलीजवळच्या टोपलीत. सरपण! शेवटी त्यांनी ठरवून टाकलं, दुकान बंद करायचं. हा चेहरा आपल्याबरोबरच संपू द्यायचा.

पानं लाल झाली तेव्हा ओसाकाच्या हायामी आजी माझ्याकडे उतरल्या. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात तोकुजी-सानांच्या दुकानातून घेतलेली बाहुली त्यांनी रेशमी फडक्यात बांधून आणली होती. यजमान आता नाहीत. नातीचं लग्न ठरलेलं, तिला अगदी अशीच द्यायची होती. मी त्यांना दुकानात घेऊन गेले. आजींनी फळीवरची एकेक निरखली.

"सगळ्या देखण्या आहेत," त्या म्हणाल्या, "पण जरा रागावलेल्या वाटतात."

सांगा, तोकुजी-सानांना तोंडावर असं म्हणायची आपल्यापैकी कोणाची छाती आहे? मग आजी शेकायला चुलीपाशी बसल्या, आणि टोपलीतली एक बाहुली उचलून एकदम ओरडल्या, "अगंबाई, ही काय! हीच ती!"

दोन्ही बाहुल्या शेजारी ठेवल्या. तेच झुकलेले डोळे. तोकुजी-सानांनी जुनी उलटी करून पाहिली. तळाशी त्यांचंच नाव.

"हे मी काढले?"

सुए-सान चहा ओतत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवं लग्न होतं आपलं. मी समोर बसून, नजर खाली लावून लाकडं घासायचे. तुमचं लक्ष कामात कमीच असायचं."

"मग बदलले कधी?"

"तुम्ही गुरुजी झालात तेव्हा."

आजींनी पैशांची पिशवी उघडली, तसे तोकुजी-सान म्हणाले, "ही देता यायची नाही. खाली नाव नाही. वसंतात या, नाव घालून देतो."

"कोणाचं?" आजींनी विचारलं.

"जिने काढली तिचं." मग मिसाओकडे न बघता म्हणाले, "सरपण दुसरं आण."

मंडळी, एका थोर माणसाच्या घरातलं मी चारचौघांत बोलले. त्यांनी ते पोटात घालावं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे.

शनिवारच्या बसने हायामी आजी नातीला घेऊन येत आहेत. त्याआधी उद्या सकाळी मिसाओच्या नावाची पहिली बाहुली फळीवर जाईल. ठेवायची कोणी, यावर बापलेकीचं भांडण चालू आहे. ते म्हणतात, आता तुझं दुकान, तूच ठेव. ती म्हणते, तुम्ही ठेवल्याशिवाय मी दार उघडणार नाही. तेव्हा उद्या दुकान उघडायला थोडा उशीर झाला, तर बाहेर थांबलेल्यांनी कृपया राग मानू नये.