घसरगुंडी धुणारं यंत्र

वडिलांचा तेरावा करून मी परभणीला परत निघाले होते. पालमच्या एसटी थांब्यावर रांगेत माझ्यापुढे दोघे उभे होते. एक कुठल्याशा गावचे सरपंच मुंजाजीराव, दुसरा त्यांच्या बालवाडीला यंत्रं करून देणारा आश्रुबा सुतार.

“आश्रुबा, घसरगुंडी धुवायचं यंत्र मी कशापाई सांगितलं होतं?”

“वेशीबाहेरची पोरं घसरली की धुवायला.”

“मग माझा नातू घसरला तरी पाणी कसं सुटायलंय?”

“खालच्या फळीवर पाय पडला की टाकीची तोटी उघडती, मुंजाजीराव. पाय कुणाचा, ते फळीला कळत न्हाई.”

“पोरगं घरी येऊन इचारतंय, आबा, मी बाटलो का म्हणून.”

“मग तुमी काय सांगितलं?”

“ते ऱ्हाऊ दे. अन् ते फुटाण्याचं यंत्र? दांडा फिरवला की समद्यांच्या हातात सारखेच फुटाणे पडायलेत.”

“पैले बाई काही पोरांना लांबून टाकायच्या. निम्मे मातीत जायचे.”

“लय शाना झालास. तोटीला खिट्टी बसव. कुणामागं उघडायची ते बाई बघतील.”

“न्हाई बसवत.”

“पंचायतीचं काम पुन्हा मिळायचं न्हाई.”

“नका देऊ.”

“मग उद्या दोन्ही यंत्रं काढून ने.”

“मी न्हाई काढायचो. तुमीच काढा, पोरं खेळायलेत तवा, त्यांच्या देखत. अन् कशापाई काढायलाव, ते नातवाला सांगा.”